दिवाळी होऊ दे, मग बघू!

आमच्या कोल्हापूरकडे कोणत्याही नावडत्या कामाला एक हुकमी उत्तर असते. पावसाळ्यात म्हणायचे, 'गणपती होऊ देत'. गणपतीनंतर 'दसरा होऊ दे'. आणि दसऱ्यानंतर दिवाळी आहेच. घराचा रंग, किडलेला दात, भावाभावांतल्या वाटण्या, सारे या सबबीत बसते. एका आजाराला मात्र ही सबब मुळीच मानवत नाही. त्या आजाराचे नाव एचआयव्ही. सणाच्या अंकात हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. घरात निदान होते ते पंचांग पाहून होत नाही.

कळंब्याला माझा दवाखाना आहे. गेल्या दसऱ्याच्या सुमारास एक तरुण गृहस्थ थोरल्या भावाला घेऊन आले. (ओळख पटेल असे सगळे मी बदलले आहे.) तुमच्याआमच्यासारखेच पांढरपेशे. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन निदान पक्के झाले होते, गोळ्या लगेच सुरू करा असेही तिथे सांगितले होते. धाकटे मान खाली घालून बसले होते. बोलत होते थोरले.

"डॉक्टर, ह्याला ताप नाही, खोकला नाही, जेवतोय चांगला. मग एवढी गडबड कशाला? दिवाळीला बहिणी येणार, घर भरलेलं असणार. डबी ठेवायची कुठं? आणि आमच्या नात्यात एकाला हेच झालं होतं, त्याला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आत्ता औषध नको म्हणून."

बंधू खोटे बोलत नव्हते. आपल्या देशात सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ रोजी, अवघ्या ८ रुग्णालयांत, मुंबईचे जे. जे. त्यांतले एक. औषध थोडे, गरजू फार. शिवाय त्या वेळची औषधे उग्र. स्टॅव्ह्युडीन नावाच्या गोळीने गाल बसत, हातापायांना मुंग्या येत. म्हणून रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशी मोजत. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, आणि विषाणू नेमका त्यांच्यावरच उठतो. त्यांची संख्या २०० च्या खाली गेली की औषध, तोवर वाट पाहायची, असा नियम होता. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००. नातेवाईकाला मिळालेला सल्ला त्या काळाला धरूनच होता. पण औषधे बदलली, आणि सल्ला मात्र घराघरांत लोणच्यासारखा मुरत राहिला.

हा वाद मिटवला तो २०१५ साली. ३५ देशांतल्या ४,६८५ लोकांवर 'स्टार्ट' नावाची पाहणी झाली. सगळे दिसायला धडधाकट, सगळ्यांच्या सीडी-४ पेशी ५०० च्या वर. निम्म्यांना ताबडतोब औषध दिले, बाकीच्यांना पेशी ३५० पर्यंत उतरेपर्यंत थांबवले. थांबलेल्यांपैकी ९६ जणांना गंभीर आजार किंवा मृत्यू आला. ताबडतोब घेणाऱ्यांत ४२ जणांना. निकाल इतका स्पष्ट, की थांबवलेल्यांनाही लगेच औषध देऊ केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना औषध द्यावे असे सांगितले, आणि २०१७ पासून आपल्या सरकारचेही तेच धोरण आहे. निदानानंतर ७ दिवसांत, आणि मनाची तयारी असेल तर त्याच दिवशी!

आकडे ऐकून बंधूंचा चेहरा काही हलला नाही. मग मी कळंबा तलावाचे उदाहरण दिले. "दादा, बांधाला गळती लागली, तर तलाव अर्धा होईपर्यंत आपण पाणी मोजत बसतो का?"

यावर धाकटे पहिल्यांदा बोलले. त्यांच्या पत्नीची तपासणी निर्दोष निघाली होती. "तिला होणार नाही ना?" एवढेच त्यांनी विचारले.

याचे उत्तर आपल्या पुण्याने दिलेले आहे. ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांची पाहणी झाली, तीत पुणेही होते. २०११ साली निकाल आला: जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे सिद्ध झाले अशा २८ जणांपैकी, औषध लवकर सुरू केलेल्या गटातला फक्त १! रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे आता पक्के झाले आहे. मात्र तिथवर पोचायला काही महिने, कधी सहा महिनेही लागतात, आणि तोवर निरोध हवाच. गोळी महिनाभर पुढे ढकलली, की हा दिवसही महिनाभर पुढे गेला.

घाईला अपवाद आहे, तोही सांगतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय किंवा बुरशीचा दाह असेल, तर आधी त्याचा उपचार करतात आणि या गोळ्या काही आठवड्यांनी देतात. म्हणून सुरुवातीला क्षयाची चौकशी होते. डोकेदुखी, ताप, खोकला तिथे लपवू नये.

राहिला डबीचा प्रश्न. खरे पाहता बंधूंची भीती तेवढीच होती. आता तीन औषधे मिळून दिवसाला एकच गोळी असते, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या डब्या नाहीत असे घर हल्ली विरळा. संमतीवाचून कुणाचे निदान उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. या कारणावरून नोकरीत भेदभावही करता येत नाही. बहिणींना सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. फुकट माहिती हवी असेल तर १०९७ हा दूरध्वनी आहे.

चौथ्या दिवशी गोळी सुरू झाली. फराळापूर्वी मी त्यांना एकच पथ्य सांगितले. चकल्या, चिवडा हवा तेवढा खा. पण जळजळ झाली म्हणून अँटासिड घ्याल, तर ही गोळी त्याआधी २ तास किंवा त्यानंतर ६ तासांनी घ्या. त्यातले मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम औषधाला धरून ठेवतात, आणि ते अंगी लागत नाही.