जास्त पैसे देऊन घेतलेली फेरारी आज स्वस्तात का विकली जाते?



आज एका अशा गाडीबद्दल बोलूया, जी आपल्यापैकी बहुतेक जण कधीच विकत घेणार नाही. पण तिच्या सेकंडहँड किमतीची गोष्ट दुकान, वर्कशॉप किंवा क्लाउड किचन सुरू करणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावी अशी आहे.

डोळ्यांसमोर आणा, अमेरिकेतल्या एका डीलरकडे दोन लाल फेरारी एफ ४३० उभ्या आहेत. वर्ष एक, इंजिन एक, रनिंगही जवळपास सारखंच. फरक फक्त गिअरचा. एकीत क्लचचं पेडल आणि हाताने टाकायचा गिअर. दुसरीत क्लचचं पेडलच नाही, स्टिअरिंगमागे दोन पॅडल आहेत. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. नवीन घेताना पॅडलवालीसाठी ग्राहकाने जास्त पैसे मोजले होते. आज मात्र साध्या मॅन्युअल गाडीला दीडपट, कधी कधी त्याहूनही जास्त भाव मिळतो.

म्हणजे जास्त दिले त्याला कमी मिळाले. असं का झालं?

आधी यंत्र समजून घेऊ

फेरारीने १९८९ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत पॅडलचा गिअर आणला आणि नायजेल मॅन्सेलने ती गाडी पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, जिंकून दाखवली. १९९७ मध्ये हेच तंत्र ३५५ या मॉडेलमधून रस्त्यावर आलं. त्याला नावही 'एफ वन' दिलं. श्रीमंत ग्राहकाला अजून काय हवं? पुढे ३६० मोडेना आणि एफ ४३० येईपर्यंत बहुतेक ग्राहक पॅडलच मागू लागले. मॅन्युअल मागणारा जुन्या वळणाचा ठरायला लागला.

पण आत काय होतं? गिअरबॉक्स जवळपास तोच आणि क्लचही एकच. फक्त ड्रायव्हरच्या पायाचं आणि हाताचं काम पंप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर करत होते. मोकळ्या रस्त्यावर मजा यायची. ट्रॅफिकमध्ये मात्र गाडी धक्के द्यायची. सारखी इंच-इंच पुढे घेतली, चढावर रिव्हर्स केली, की क्लच लवकर झिजायचा. म्हणून सेकंडहँड घेणारा आजही आधी विचारतो, "क्लच किती टक्के उरलाय?" हा आकडा कॉम्प्युटर लावून काढता येतो. क्लच आणि पंपाचा खर्च मोठा असतो, आणि हुशार गिऱ्हाईक तो खर्च आधीच किमतीतून वजा करून बोलतं.

मग आला मोठा भाऊ

२००८ मध्ये फेरारी कॅलिफोर्निया दोन क्लचचा गिअरबॉक्स घेऊन आली. एका क्लचवर एक-तीन-पाच-सात, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार. धक्का नाही, वेळ जात नाही. २००९ ची ४५८ इटालिया तर फक्त याच गिअरबॉक्समध्ये आली. लॅम्बॉर्गिनीचंही तसंच. गॅलार्डोमध्ये मॅन्युअल आणि ई-गिअर असे दोन्ही पर्याय होते. २०१४ च्या हुराकानमध्ये मॅन्युअल उरलाच नाही.

इथेच जुन्या पॅडलवाल्यांची गोची झाली. त्यांची गाडी विकली जात होती 'वेगवान' म्हणून. आता तिच्यापेक्षा वेगवान आणि मऊ गिअरबॉक्स बाजारात होता. वेग हवा असणारा नव्या गाडीकडे गेला. हाताने गिअर टाकायची मजा हवी असणारा मॅन्युअलकडे वळला. मधल्या गाडीसाठी थांबायला फारसं कोणी उरलं नाही.

मॅन्युअलचं उलट झालं. तो कधी वेगाच्या शर्यतीत नव्हताच. खाचा पाडलेल्या धातूच्या पट्टीतून गिअर सरकतो, 'टक्' असा आवाज येतो, चूक झाली तर ती ड्रायव्हरची. ही मजा नव्या गाडीत मिळेना, आणि जुन्या मॅन्युअल गाड्या मुळात थोड्याच बनल्या होत्या. फेरारी ५९९ चं उदाहरण घ्या. मॅन्युअलवाल्या साधारण ३० च गाड्या बनल्या. आज त्यांची किंमत पॅडलवाल्या ५९९ च्या कित्येक पट आहे.

थांबा, लगेच नियम बनवू नका

व्हिडिओ इथे थांबवला असता तर तुम्ही म्हणाला असता, "सर, म्हणजे जुनं ते सोनं!" नाही. तीन गोष्टी बघा.

एक, फेरारी एन्झो फक्त पॅडलमध्येच आली. ३६० चॅलेंज स्ट्रॅडाले आणि ४३० स्कुडेरियाही तशाच. तरी त्यांना आज उत्तम भाव आहे. कारण त्या मॉडेलमध्ये दुसरा पर्यायच नव्हता. तुमच्या वस्तूची किंमत गिऱ्हाईक शेजारच्या वस्तूशी तुलना करून ठरवतं. तुलनेला काही नसेल तर उणीवही खपते.

दोन, दुर्मीळपणा कोणाच्या हातात आहे ते बघा. पोर्शेने २०१३ मध्ये ९११ जीटी३ मधून मॅन्युअल काढून टाकला. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलमध्ये ९११ आर आणली, फक्त ९९१ गाड्या. लोक वेडे झाले. मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव मागितले जाऊ लागले. आणि २०१७ मध्ये पोर्शेने नव्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत दिला. ९११ आरचा फुगलेला भाव खाली आला. ज्यांनी शिखरावर घेतली, त्यांचे हात पोळले. जी टंचाई कंपनी एका निर्णयात संपवू शकते, तिच्यावर कर्ज काढून पैसे लावायचे नसतात.

तीन, अस्सलपणा. पॅडलवाली गाडी उघडून तिच्यात मॅन्युअल गिअर बसवून देणारे लोक आहेत. काम चांगलं होतं, गाडी चालवायला मजाही येते. पण कारखान्यातूनच मॅन्युअल निघालेल्या गाडीचा भाव तिला मिळत नाही. जाणता ग्राहक आधी कागद बघतो, मग गाडी.

आता आपल्या गल्लीत येऊ

गंमत बघा, फेरारीच्या पॅडल गिअरचं तंत्र पुरवणारी मॅग्नेटी मरेली हीच कंपनी २०१४ मध्ये आपल्याकडच्या मारुती सेलेरियोच्या एएमटीमागेही होती. तत्त्व तेच, क्लचचं काम यंत्राने करायचं. पण पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज ऑफिसला जाणाऱ्याला 'टक्' आवाज नको असतो, त्याला डाव्या पायाला आराम हवा असतो. त्याच्यासाठी क्लचचं पेडल नसणं हाच फायदा. एकच तंत्र, पण गिऱ्हाईक बदललं की त्याची किंमत बदलते.

माझी स्वतःची चूकही सांगतो. दुकानात मी एक महागडं बिलिंग मशीन घेतलं, 'सगळ्यात लेटेस्ट' म्हणून. दोन वर्षांत तेच काम साध्या मोबाइलवर व्हायला लागलं. विकायला काढलं तेव्हा कोणी भाव विचारेना. मशीन वाईट नव्हतं. मी खर्चाला गुंतवणूक समजलो, ही माझी चूक.

म्हणून हिशोब असा करा. समजा एक मशीन १ लाखाचं आहे आणि तीन वर्षांनी ते ६० हजारांना विकलं जाईल. दुसरं लेटेस्ट मशीन १ लाख ४० हजारांचं, पण तीन वर्षांनी त्याचे ४० हजारच येतील. पहिल्याचा खरा खर्च ४० हजार, दुसऱ्याचा १ लाख. फरक ६० हजारांचा. म्हणजे दुसऱ्या मशीनने ३६ महिने, दर महिन्याला सुमारे १,६७० रुपये जास्त कमवून दिले, तरच ते परवडलं. कमवून देणार असेल तर बिनधास्त घ्या! नाहीतर तो फक्त हौसेचा खर्च.

पुढच्या वेळी सेल्समन "सर, हे टॉप मॉडेल आहे" म्हणाला, की सही करण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा:

१. हे माझ्याकडून सेकंडहँड कोण घेईल, आणि कशासाठी?

२. याच्यापेक्षा वेगवान किंवा स्वस्त काही आलं, तर याच्यात काय शिल्लक राहील?

३. तोपर्यंत हे महिन्याला मला किती जास्त कमवून देईल?

तिसऱ्याचं उत्तर आकड्यात देता आलं नाही, तर त्या दिवशी चेकबुक घरीच ठेवा.

तुम्ही घेतलेली अशी कोणती वस्तू विकताना पडली, किंवा अनपेक्षितपणे चांगला भाव देऊन गेली? नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.