माथेरानच्या शांततेचा खर्च

माथेरानला जाणाऱ्याची मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावरून, छोट्या रेल्वेने अथवा माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून काटायचे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब सोडल्यास मोटारींना येथे मज्जाव आहे.

हा निर्बंध योग्यच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. जांभ्या दगडाच्या या डोंगरावर पाऊस प्रचंड. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने नेरळहून येणारा लोहमार्ग असा उखडला की, गाडी पुन्हा धावायला २००७ साल उजाडले. अशा ठिकाणी मोटारींसाठी रुंद रस्ते कापणे म्हणजे दरडींना निमंत्रण होय. परंतु निर्बंध पाळण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला, याचा हिशेब आपण मांडलेला नाही.

'बाह्य परिणाम' ही संकल्पना शिकवताना आम्ही प्राध्यापक मंडळी कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण देतो: नफा मालकाचा, धूर शेजाऱ्याचा. माथेरानात ते उलटे वाचावे लागते. येथे स्वच्छ हवा पर्यटक उपभोगतो, हॉटेलमालक ती खोलीच्या भाड्यात वसूल करतो आणि तिच्यासाठी छाती फुटेस्तोवर धापा टाकतो तो रिक्षावाला. एक पुढून ओढतो, बाकीचे मागून रेटतात. परवानाधारक हातरिक्षा अवघ्या ९४! मागे एकदा तेथे गेलो असता आमच्या एका सहकाऱ्याने रिक्षाच्या भाड्यावरून बराच वेळ घासाघीस केली. हॉटेलचे बिल मात्र आम्ही सर्वांनी मुकाट्याने भरले.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या चाचणीस अनुमती दिली आणि त्याच वर्षअखेर ती सुरूही झाली. पुढे मात्र वाद लांबला. घोडेवाल्यांचा विरोध निव्वळ स्वार्थी म्हणून झटकणे सोपे आहे. पण ज्याचे सारे भांडवल एका जनावरात गुंतले आहे, त्याने स्वस्त स्पर्धकाला भ्यावे यात नवल ते काय? ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. निधी नाही, ही सबब राज्य सरकारला सांगता येणार नाही, हेही बजावले.

खरे तर निधी माथेरानातच आहे. नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवेश कर घेतेच. गर्दीच्या शनिवार-रविवारी तो चढा आणि आडवारी कमी ठेवला, तर डोंगरावरील भार थोडा विभागेल व उत्पन्नही वाढेल. मोटारबंदीमुळे ज्यांच्या खोल्यांना चढे भाडे मिळते, त्या हॉटेलांकडूनही वाजवी आकार घ्यावा. या पैशातून ई-रिक्षांचे हप्ते भागवावेत आणि त्या आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच नावे कराव्यात. मुंबईच्या एखाद्या ठेकेदाराच्या नावे नव्हेत. ज्या घोडेवाल्याला धंदा बदलावयाचा असेल, त्याचाही या निधीवर हक्क असावा.