गुबगुबीत कुत्रा आणि त्याचें आयुष्य

कुत्रा गुबगुबीत झाला कीं घरांतील मंडळींस कौतुक वाटतें. परंतु चरबी म्हणजे केवळ अंगावरील ओझें नव्हे. चरबीच्या पेशी रक्तांत निरनिराळीं द्रव्यें सोडीत असतात. त्या फार वाढल्या म्हणजे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, स्वादुपिंडास अधिक इन्शुलिन निर्माण करावें लागतें आणि रक्तांतील मेदहि वाढतो. माणसांत यांतून पुष्कळदां मधुमेह उद्भवतो. कुत्र्यांत तसें सहसा घडत नाहीं. त्यामुळेंच हा बिघाड मालकाच्या ध्यानांत येत नाहीं.

अमेरिकेंत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या, भावंडांतूनच निवडलेल्या, जोड्या लावण्यांत आल्या व प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्याहून पाव हिस्सा अन्न कमी देण्यांत आलें. २००२ सालीं या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिताहारी गटाचें मध्यम आयुर्मान १३ वर्षें भरलें, दुसऱ्याचें ११.२. मिताहारी कुत्र्यांच्या शरीरांत इन्शुलिनचें कार्यहि अधिक चांगलें चालत असल्याचें आढळलें.

कुत्रा लठ्ठ आहे कीं नाहीं हें पाहण्यास तराजूच हवा असें नाहीं. बरगड्या हातास सहज लागाव्यात आणि वरून पाहतां कंबर दिसावी, एवढी खूण पुरे. ताटांतील तुकडा टाकणारा हात प्रेमाचाच असतो; तो थोडा आवरला, तर मुक्या सोबत्याचा सहवास अधिक काळ लाभण्याचा संभव आहे.