विश्लेषण : ‘बॅबकॉकचा तारा’ एवढा चुंबकीय कसा?

नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक निळसर-पांढरा तारा साठहून अधिक वर्षे खगोलशास्त्रज्ञांना कोड्यात टाकतो आहे. त्याच्या प्रकाशात सिलिकॉनच्या खुणा नेहमीपेक्षा फार ठळक आहेत आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र तब्बल ३४ हजार गॉस आहे.

हा तारा कुठे आहे?
हंस आणि देवयानी यांच्यामधल्या ‘सरठ’ या लहान तारकासमूहात. नोंदवहीतले त्याचे नाव एचडी २१५४४१. त्याची प्रत सुमारे ८.८ आहे. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून तो साधारण १३ पट मंद आहे. पृष्ठभाग मात्र सूर्याच्या दुपटीहून अधिक तप्त आहे.

क्षेत्र मोजले कसे?
प्रबळ चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील एक रेषा अनेक रेषांत विभागली जाते. यालाच झीमन परिणाम म्हणतात. या प्रकारचे बहुतेक तारे वेगाने फिरतात, त्यामुळे रेषा पसरट होतात आणि ही विभागणी झाकली जाते. हा तारा स्वतःभोवती फिरायला सुमारे साडेनऊ दिवस घेतो, म्हणून रेषा रेखीव दिसतात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९६० मध्ये त्यांतील अंतरावरून हे क्षेत्र मोजले. तुलनेसाठी : पृथ्वीचे क्षेत्र सुमारे अर्धा गॉस, तर रुग्णालयातील दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे १५ हजार गॉस असते.

रसायन वेगळे का?
सूर्याच्या पृष्ठभागाखालचा वायू सतत ढवळला जातो. अशा तप्त ताऱ्यांचा बाहेरचा थर तुलनेने शांत असतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला आणखी स्थिर ठेवते. या शांततेत मूलद्रव्यांची प्रतवारी होते. काही गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात, तर प्रकाश जास्त शोषणारी त्याच प्रकाशाच्या रेट्याने वर येतात. त्यांचे पृष्ठभागावर ठिगळांसारखे पट्टे बनतात, म्हणून तारा फिरेल तशी त्याची तेजस्विता किंचित बदलते.

याचे महत्त्व काय?
तारा कशाचा बनला आहे, हे त्याच्या पृष्ठभागाच्या प्रकाशावरूनच ठरवावे लागते. इथे मात्र सिलिकॉनची रेलचेल वरच्या पातळ थरापुरती आहे. तीच आतही आहे असे मानले, तर हिशेब चुकतो.

क्षेत्र आले कुठून?
मूळ वायुमेघातून वारशाने, की दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून? यावर अजून एकमत नाही.