घरातला फोन आणि कौटुंबिक न्यायालय

न्यासाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी कायदेविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा इच्छापत्र किंवा वारसा ह्यांपैकी एखादा विषय घ्यावा असे आमच्या मनात होते. परंतु न्यासाच्या कार्यालयात शनिवारी सायंकाळी सल्ल्यासाठी बसणाऱ्या आम्हां वकील मंडळींचा गेल्या काही वर्षांचा अनुभव निराळाच आहे. येणारा मनुष्य खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच खिशातून फोन काढतो आणि म्हणतो, "साहेब, हे आधी वाचा." मुलीचे वडील असोत, मुलाची आई असो, की स्वतः पती वा पत्नी असो, सारे भांडण त्या फोनात साठविलेले असते. तेव्हा त्याच विषयावर चार शब्द लिहिणे अधिक उपयोगाचे होईल असे वाटले.

बडोद्यास घटस्फोटाचा कायदा तसा नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा निबंध झाला. (कायद्याला 'निबंध' म्हणण्याची आपल्या संस्थानची रीत वडील मंडळींनी ऐकली असेलच.) हिंदू विवाह कायदा आला तो त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९५५ साली. आमच्या आधीच्या पिढीतील वकिलांना असल्या दाव्यांत पुरावा जमविताना फार सायास पडत. चार भिंतींआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कोठून मिळणार? कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेली दोन पत्रे, शेजारणीची जबानी, डॉक्टरांचा दाखला, एवढ्यावर दावा उभा राही. आता नेमके उलट झाले आहे. पुरावा उदंड आहे. तो न्यायालयात टिकेल कसा, हीच पंचाईत.

ह्या बाबतीत आमच्या हातूनही चूक झालेली आहे, ती येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीने नवऱ्याकडून आलेले व्हॉट्सॲपवरील निरोप आम्हांस दाखविले. ते इतके स्पष्ट होते की दुसरा पुरावा शोधण्याची गरजच आम्हांस वाटली नाही. त्यांचे स्क्रीनशॉट कागदावर छापून अर्जास जोडले आणि फोन तिच्याजवळ राहू दिला. दीड वर्षाने पुराव्याची वेळ आली. समोरचे वकील म्हणाले, हे कागद बनावट आहेत, मूळ दाखवा. मूळ कोठे होते? मुलीच्या भावाने दिवाळीत तो फोन नव्या फोनच्या बदल्यात दुकानदारास देऊन टाकला होता, आणि नव्या फोनात जुने निरोप उतरलेच नव्हते. मुलगी खरे बोलत होती ह्याविषयी आम्हांस आजही शंका नाही. परंतु त्या कागदांना फारसे वजन मिळाले नाही, आणि पोटगी मिळाली ती मागणीच्या मानाने पुष्कळच कमी. दोष भावाचा नव्हता. फोन देऊ नका, असे त्यास आम्ही सांगितलेच नव्हते.

छापील कागदावर न्यायालयाने संशय का घ्यावा, असे पुष्कळजण विचारतात. कारण साधे आहे. फोनात कोणत्याही क्रमांकापुढे कोणाचेही नाव लिहिता येते. आपल्याच चुलतभावाच्या क्रमांकापुढे 'नवरा' असे लिहून त्याच्याकडून चार शिव्या मागविल्या आणि त्याचे चित्र काढले, तर कागदावर फरक ओळखू येत नाही. आता तर आवाजाची आणि चित्राची हुबेहूब नक्कल यंत्रे करू लागली आहेत.

ह्या संबंधीचा कायदा समजण्यासाठी एक निवडणुकीचे प्रकरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २०१४ साली महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत जालन्याहून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज वेळ टळून गेल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता, आणि त्याला आधार होता निवडणूक कचेरीतील कॅमेऱ्यांच्या चित्रफितींचा. पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र मात्र मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळेना. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरविले की, मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने शपथेवर साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको. पण नक्कल दाखल करावयाची असेल तर ते अवश्य पाहिजे. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घेता येते. निवडणुकीचा हा निकाल पोटगीच्या आणि ताब्याच्या दाव्यांतही आम्हांस रोज वाचावा लागतो!

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि ६५-ब चे काम आता कलम ६३ करते. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. पहिला भाग पक्षकाराने किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात यंत्राची ओळख पटविणारे तपशील आणि नोंदीचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या नोंदीचा अंगठा समजा. संगणक मजकुरावर गणित करून अंक-अक्षरांची एक लांब माळ काढतो. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी माळ सर्वस्वी निराळी येते. म्हणूनच मूळ फोन बंद करून जपून ठेवणे, त्यातील काहीही न पुसणे, संपूर्ण संभाषण बाहेर काढून त्याची एक प्रत वेगळी ठेवणे, ही कामे दावा दाखल होण्यापूर्वीच उरकली पाहिजेत. आपल्याला गैरसोयीचे वाटणारे निरोपही पुसू नयेत. समोरच्याजवळ ते असतातच, आणि पुसल्याचे उघडकीस आले म्हणजे खऱ्या निरोपांवरचाही विश्वास उडतो.

येथे कोणी जाणकार म्हणेल की, कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यातील कलम १४ प्रमाणे वाद सोडविण्यास उपयोगी पडणारा कोणताही कागद न्यायाधीशांस पाहता येतो, मग तो पुरावा कायद्यात बसो वा न बसो. हे खरे आहे. परंतु त्या कलमामुळे प्रमाणपत्राची गरज कितपत उरते ह्याबद्दल उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. आणि कागद पाहिला म्हणजे त्यावर विश्वास ठेवला असेही नव्हे. दूध पोळल्यावर आम्ही ताकही फुंकून पितो.

आपल्या मराठी घरांची आणखी एक अडचण आहे. आपली मुले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत, मध्ये चार शब्द गुजराती आणि दोन इंग्रजी. बडोद्याच्या न्यायालयात काम चालते गुजरातीत. एका सुनेने सासूबाईंस लिहिलेले 'मी बघून घेते' हे वाक्य भाषांतरात असे काही उतरले की ती उघड धमकी झाली. त्याच्या आधीचा सासूबाईंचा निरोप कोणी जोडलाच नव्हता. तो होता, 'विजेचे बिल भरायचे राहिले आहे.' तेव्हापासून आम्ही मूळ मजकूर, त्याचे देवनागरी लेखन आणि गुजराती भाषांतर असे तिन्ही शेजारी शेजारी ठेवतो, आणि मागचे-पुढचे निरोप वगळू देत नाही. हसरे तोंड, जोडलेले हात इत्यादी चित्रांचे भाषांतर कसे करावे हे मात्र आम्हांस अद्याप साधलेले नाही.

चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाविषयी फार विचारणा होते. पंजाबातील एका नवऱ्याने पत्नीशी झालेली संभाषणे तिच्या नकळत मुद्रित केली होती. उच्च न्यायालयाने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी ती पुराव्यात घेण्यास मोकळीक दिली. पतिपत्नींमधील बोलणे गुप्त ठेवण्याचे संरक्षण कायद्यात आहे, पण त्या दोघांतच दावा चालू असेल तर त्याला अपवादही आहे, असा त्याचा आधार. एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली ह्याचाच अर्थ तो संसार आधीच मोडकळीस आला होता, असेही न्यायालयाने म्हटले आहे.

ह्या निकालाची बातमी वाचून काही मंडळी फारच उत्साहाने आमच्याकडे आली. त्यांस सांगावे लागले की, आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते मुद्रित करणे निराळे आणि दुसऱ्याच्या फोनात हेरगिरीचे ॲप घालणे किंवा त्याचा पासवर्ड चोरून पत्रव्यवहार उघडणे निराळे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरावा न्यायालयाने घेतला तरी तो आणणारा सुटेलच असे नाही.

याउलट प्रकारही घडतो. आमच्या एका अशील बाईंना तडजोडीचा मसुदा आम्ही फोनवर पाठविला. दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांचे उत्तर आले ते जणू मसुदा पुढ्यात ठेवूनच लिहिलेले! शोध घेता कळले की, बाईंनी पूर्वी घरच्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप जोडले होते, ते तसेच चालू होते, आणि संगणक होता सासरी. त्यानंतर पहिल्याच भेटीत आम्ही अशिलास फोनातील 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी उघडावयास लावतो. ईमेलचा पासवर्ड, फोटो साठविण्याचे सामाईक खाते, मुलाच्या टॅबलेटवर चालू असलेले आईचे खाते, हे सर्व तपासतो. वकील आणि अशील ह्यांच्यातील बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे, पण कायदा संगणक बंद करीत नाही.

आता जे लिहावयाचे ते न्यासाच्या सभासदांनी जरा मनावर घ्यावे, कारण ह्यात आपणां सर्वांचाच हात आहे. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या तरी घटस्फोटाच्या अर्जाची पाने फिरतात. खाली 'खरे काय ते समाजाला कळू द्या' असे लिहिलेले असते, आणि तासाभरात ती पाने सुरतेस, इंदुरास आणि अमेरिकेस पोहोचतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ह्या कायद्याखालील कामकाज बंद दाराआड चालते आणि ते छापणे वा प्रसिद्ध करणे मनाई आहे. दंड हजार रुपयांपर्यंतचाच, त्यामुळे कोणी भीत नाही. परंतु त्या पानांवर मुलाबाळांची नावे असतात, आजारपणे असतात, पगाराचे आकडे असतात. गुजरात उच्च न्यायालयाचे कामकाज २०२० च्या ऑक्टोबरपासून यूट्यूबवर दिसू लागले, तरी वैवाहिक प्रकरणे त्या प्रक्षेपणातून वगळली जातात. जे न्यायालय स्वतः झाकते ते आपण उघडे करतो. ग्रुप चालविणाऱ्या मंडळींनी असली पाने ताबडतोब काढून टाकावीत अशी आमची विनंती आहे.

फेसबुक, इन्स्टाग्राम ह्यांवरील छायाचित्रे पोटगीच्या दाव्यांत हमखास येतात. उत्पन्न काहीच नाही असे शपथेवर सांगणारे गृहस्थ दुबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे दिसतात. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मिळकत आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले आहे, त्याच्याशी ही चित्रे ताडून पाहता येतात. तथापि फोटोतील मोटार दुसऱ्याची असू शकते आणि सहलीचा खर्च मेहुण्याने केलेला असू शकतो. छायाचित्र म्हणजे बँकेचे पासबुक नव्हे.

वकिलांनी स्वतः ह्या माध्यमांवर किती मिरवावे? बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलास जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढे देता येते. 'एका महिन्यात घटस्फोट' असे फलक इंटरनेटवर दिसले तर ते नियमाबाहेरचे आहेत एवढे समजून पुढे जावे. खटल्याची तारीख पाहण्यासाठीही कोणास पैसे देऊ नयेत. ई-कोर्ट्सच्या सेवेत प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक घातला की ती फुकट दिसते.

ज्यांची मुले-मुली परदेशी आहेत त्यांस मोठा दिलासा दूरदृश्य सुनावणीने मिळाला आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले होते की, तडजोडीचे प्रयत्न फसल्यावर आणि सामान्यतः दोन्ही पक्षांच्या संमतीनेच कौटुंबिक प्रकरणात ह्या साधनाचा उपयोग व्हावा. २०२० च्या साथीने न्यायालयांचे दरवाजे बंद झाले आणि जे अपवाद होते ते सवयीचे झाले. समेटाची बोलणी मात्र शक्यतो समोरासमोर व्हावीत असे आमचे मत आहे. पडद्यावर माणूस उठून जात नाही, बटण दाबून नाहीसा होतो. त्यास दारातून परत बोलावता येत नाही.

मुलाच्या भेटीचे तसे नाही. २० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचाही हक्क मानला, आणि ज्याच्याकडे मूल नाही त्या पालकास रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, शक्य तर व्हिडिओ कॉलने, असे सांगितले. आदेशात नुसते 'व्हिडिओ कॉल करावा' एवढेच असले की भांडणाला नवा विषय मिळतो, म्हणून आम्ही वेळ, कोणाच्या फोनवर, कॉल चुकल्यास पुढे काय, आणि कॉल मुद्रित करावयाचा नाही, हे सर्व लिहून घेतो. दांडिया बाजारातील एका घरी सध्या सकाळी साडेसातला असा कॉल येतो. बाप कॅनडात आहे, तिकडे रात्र असते. ताबा आईकडे आहे आणि तिचा त्या माणसावरील राग अजून गेलेला नाही. त्यामुळे फोन लावून देण्याचे काम मुलीच्या आजोबांनी पत्करले आहे. ते फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि दहा मिनिटे स्वयंपाकघरात जाऊन बसतात.