वतनाची ओढ : मराठी राज्यव्यवस्थेचा एक मागोवा

आपण मिळवलेले पद आणि उत्पन्न आपल्यामागे मुलाबाळांकडे राहावे, ही इच्छा माणसाच्या स्वभावातच असून मराठी राज्यव्यवस्थेला लढाया आणि तह यांच्याइतकेच या इच्छेनेही वळण लावले आहे. गावाच्या किंवा परगण्याच्या सेवेबद्दल वंशपरंपरेने चालणारा हक्क म्हणजे वतन, तर फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलखाचा वसूल म्हणजे सरंजाम. तो तत्त्वतः चाकरी असेपर्यंतच भोगायचा असे. या दोहोंमधील भेद पुसट होत गेला, त्यातच मराठी सत्तेची पुढची दिशा ठरली.

शिवाजी महाराजांनी जुनी वतने सरसकट मोडली नाहीत. मात्र देशमुख-देशपांड्यांचे हक्क ठरवून दिले, त्यांच्या गढ्यांना आळा घातला आणि चाकरीचा मोबदला शक्यतो रोख देण्याचा दंडक घातला. या शिस्तीचे वर्णन करणारी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिली गेली, म्हणजे नेमकी ती शिस्त सुटत चालली असताना. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि औरंगजेब मराठा सरदारांना वतने व मनसबी देऊन आपल्याकडे ओढू लागला, तेव्हा रिकाम्या खजिन्यानिशी राजाराम महाराजांनी जिंकलेल्याच नव्हे, तर जिंकायच्या मुलखाच्याही सनदा दिल्या. हणमंतराव घोरपडे यांना १६९१ साली दिलेल्या आश्वासनात तर थेट दिल्ली काबीज झाल्यावर मिळणाऱ्या रकमेचीही तरतूद होती. या धोरणाने राज्य वाचले, हे मान्यच केले पाहिजे. पगार थांबताच पगारी फौज पांगली असती, पण आपल्या वंशासाठी मुलूख मिळवायचा म्हणून माणसे १७०७ पर्यंत बादशहाशी झुंजत राहिली.

दिलेले परत घेणे मात्र कोणालाच साधले नाही. राजाराम महाराज जिंजीत असताना महाराष्ट्राचा कारभार सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदार हे राज्यसत्तेत वाटा मागणारे भाऊबंदच समजून त्यांना जरबेत ठेवावे, असा स्पष्ट इशारा आहे. तथापि स्वतः पंत हे शिवकालीन मुत्सद्दी निळो सोनदेव यांचे पुत्र होते आणि बावड्याची जहागीर पुढे त्यांच्याच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यात ढोंग पाहणे अन्यायाचे होईल. धोका पुरता ओळखणारा माणूसही आपल्या घराण्याला त्यातून वगळू शकत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

१७१९ मध्ये चौथाई आणि सरदेशमुखीच्या बादशाही सनदा हाती आल्यावर पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी वसुलीची वाटणी अशी बसवली की, सरदारांचे हितसंबंध एकमेकांत गुंतून राहावेत. विस्ताराला ती उपकारक ठरली, परंतु १७२० मध्ये पेशवेपदच बापाकडून मुलाकडे गेल्यावर सरंजामही तसाच जावा, या मागणीला नकार देणार कोण? शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले ही घराणी स्वतंत्र राज्यांसारखी वागू लागली. १८०२ च्या वसईच्या तहानंतर १८०३ मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा ते एकटे पडले.

राज्य गेले तरी वतने राहिली. इंग्रजांनी १८७४ मध्ये वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदाच केला. वतनाची सर्वांत कठोर बाजू महार वतनात दिसते, कारण तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सबंध कुटुंब सरकारच्या व गावाच्या कामाला जन्मभर बांधले जाई, आणि तरीही पिढीजात जमीन सुटेल या भीतीने ते वतन सोडवत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा कायदा दुरुस्त करणारे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी झाला.