भेगा बुजवा, ओल राखा

धाराशिवच्या काळ्या मातीतली चिकणखनिजं ओलीत फुगतात, वाळली की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि खोलवरची ओलही त्यांतून उडून जाते. कोळपं फिरवलं की भेगा बुजतात. वर सोयाबीनचं भुसकट अंथरलं, तर मातीला ऊन-वारा थेट लागत नाही. हेच भुसकट बांधावर पेटवलेलं पाहिलं की जीव तुटतो!

याच जिल्ह्यातल्या बायकांनी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीनं ‘एक एकर’ शेती उभी केली. घरच्या रानातला छोटा तुकडा स्वतःकडे मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्य, भाजीपाला मिसळून लावायचा. संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा तुकड्यातही ओल राखावीच लागते; विहीर तळाला गेली असेल, तर आधी भाजीचे वाफे भिजवा, तेही ऊन उतरल्यावर.